मानाची पट्टी

गावाचं नाव सांगत नाही. टाकवे बुद्रुक सोडून पुढं गेलं की डाव्या हाताला जो डोंगर लागतो, त्याच्या पायथ्याशी ते आहे, एवढं पुरे. नाव न सांगण्याचं कारण भीती नाही. त्या गावाची वेबसाइट अजून मीच सांभाळते, आणि गिऱ्हाइकाची अब्रू चव्हाट्यावर मांडू नये एवढी रीत आमच्या धंद्यातही पाळतात.

मी प्रतीक्षा. राहते कान्ह्याला, बसते लोणावळ्याच्या बाजारात एका मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर, आणि वेबसाइट बनवते. मावळात बंगला बांधून झाला की मालकाला दोन गोष्टी सुचतात: पोहण्याचा तलाव आणि वेबसाइट. तलावाला जागा लागते, पाणी लागतं. वेबसाइटला फक्त मी लागते. आजवर मी एकोणीस बंगले 'निसर्गाच्या कुशीत' बसवून दिलेत. त्यातले चौदा हायवेच्या कुशीत आहेत, पण तसं लिहिलं तर कोण येणार?

तर या गावात मुक्काम मंडळ निघालं. गावातले अकरा बंगले आणि वरच्या ठाकरवाडीतली तीन घरं, अशा चौदा ठिकाणांची मिळून एक वेबसाइट करायची ठरली. बंगले सगळे मंडळाच्या सभासदांचे. मग वाडीतली घरं कशाला घेतली? तर हल्ली पाहुण्यांना काहीतरी अस्सल लागतं, आणि अकरा बंगल्यांत मिळून अस्सल अशी एक चूल सापडेना. अध्यक्ष सोपानराव म्हणाले, "वाडीच्या घरांचे फोटो टाका. गावपण आलं पाहिजे." सोपानरावांच्या स्वतःच्या बंगल्याचं नाव 'व्हॅली व्ह्यू'. दरी दिसते, नाही असं नाही. बाथरूमच्या खिडकीतून दिसते.

पहिल्या बैठकीत त्यांनी मला विचारलं, "कान्ह्यात कुठं राहता, मॅडम?"

"स्टेशनजवळ."

"स्टेशनच्या अलीकडं का पलीकडं?"

"ते गाडी कुठून येते त्यावर आहे," मी म्हणाले. "पुण्याहून आलात तर पलीकडं."

त्यावर त्यांनी सरळ आडनाव विचारलं. मी सांगितलं. हवं ते कळल्यावर त्यांचा चेहरा कसा निवांत झाला. चहा आला. मला वेगळ्या कपात दिला नाही, हे मुद्दाम नमूद करते. कप कागदाचे होते.

वेबसाइटवर कुणाचं नाव आधी येणार, यावरून दोन बैठका मोडल्या. तिसऱ्या बैठकीत नथूभाऊंना तोडगा सापडला. नथूभाऊ गावचे गुरव, देवळाची पूजाअर्चा त्यांच्याकडं, आणि ज्याला मराठी शुद्ध लिहिता येतं तो चिटणीस या न्यायानं मंडळाचे चिटणीसही तेच. त्यांनी ठराव लिहिला: 'यात्रेत ज्याचा जसा मान, तसा वेबसाइटवर क्रम.' सगळ्यांनी माना हलवल्या. पालखीला पहिला खांदा द्यायचा मान सोपानरावांच्या घराण्याचा, म्हणून सोपानराव एक नंबर. नारळ फोडायचा मान ज्यांचा ते दोन. मांडवाचा खांब रोवणारे तीन. असं करत करत गाडी अकरापर्यंत आली. अकरावा मान कुणाचा होता ते आता आठवत नाही, बहुतेक यात्रेत गाड्या कुठं लावायच्या ते सांगायचा होता.

मी मुकाट्यानं वेबसाइटच्या मागच्या बाजूला एक रकाना केला, त्याला नाव दिलं 'मान क्रमांक', आणि आकडे भरत गेले. वाडीच्या तीन घरांपाशी नथूभाऊ थबकले.

"त्यांचं नंतर बघू," सोपानराव म्हणाले.

तीन रकाने रिकामे राहिले. रिकामा रकाना काही जेवायला मागत नाही, म्हणून मीही सोडून दिले.

शिवाय हुकूम असा सुटला की वाडीच्या घरांच्या पानावर एक पट्टी पाहिजे. 'मानाची नोंद' असं लिहून त्यात एक नंबरचं ठिकाण दिसलं पाहिजे. म्हणजे कुणी वाडीतल्या गंगीच्या चुलीवरची भाकरी बघायला आला, तर जाता जाता त्याला सोपानरावांचं दर्शन घडावं. इतर दहा बंगल्यांच्या पानांवर आपली पट्टी लावायची छाती मात्र सोपानरावांना झाली नाही. मी ती पट्टी पानाच्या अगदी तळाला नेऊन ठेवली, जिथं पाहुण्याचा अंगठा सहसा पोचत नाही.

घरी येऊन हे सगळं आबांना सांगितलं. केरबा आबा माझे आजोबा, चौऱ्याऐंशी वर्षांचे. खाटेवर बसून शेंगा सोलत होते.

"मान?" ते म्हणाले. "आपला बी मान व्हता गावात. यात्रंत मशाल धरायचा. माझा बा सारी रात मशाल धरून उभा, अन् परसाद लांबनं टाकायचे. छप्पन साली दीक्षा घेतली, बानं मशाल देवळाच्या पायरीवर ठिवली, अन् म्हनला, घ्या तुमचा मान."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या सालापास्नं बत्त्या भाड्यानं आनल्या. मान म्हंजी फुकटच्या कामाचं गोड नाव हाय, पोरी."

मी हसले आणि लॅपटॉप उघडून मानाचे आकडे पुन्हा एकदा तपासले. धंदा तो धंदा.

आता गंगीमावशीबद्दल. वाडीतल्या तीन घरांत कामाचं घर एवढं एकच. बाकी दोन्ही घरांनी नुसते फोटो काढू दिले होते. पण गंगीमावशी आणि तिचा नवरा नवसू, या दोघांनी ते मनावर घेतलं. नवसू वीटभट्टीवर जायचा, तो त्या हिवाळ्यात गेलाच नाही. घराला लागून त्यानं एक खोली उभी केली. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, दोन खाटा, खिडकीतून थेट धरणाचं पाणी. खरा व्हॅली व्ह्यू तो, पण नाव आधीच घेतलेलं होतं.

वाडीत रेंज नाही. पाव तास चढून गेलं की एक कातळ आहे, तिथं दोन काड्या येतात. वेबसाइट सुरू झाली त्या दिवसापासून गंगीमावशी रोज सकाळची कामं आटपून त्या कातळावर जाऊन बसायची. दहा ते बारा. पदराखाली फोन, शेजारी शेळ्या. पाहुण्यांचा फोन येईल म्हणून.

तीन महिने ती बसली. एक फोन आला नाही. अधूनमधून तीच मला फोन करायची.

"ताई, फोन चालू हाय ना माझा? तुमाला लागला म्हंजी लागतोय. मग पावनं का करत न्हाईत?"

"मावशी, वेळ लागतो," मी सांगायचे. "लोकांपर्यंत पोचायला वेळ लागतो. सर्च इंजिनला आपली ओळख पटायला हवी."

"पटंल का मग?"

"पटेल."

आमच्या धंद्यात काही कळेनासं झालं की सर्च इंजिनवर ढकलायची सोय आहे. ते कधी उलटून बोलत नाही.

एका गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"ताई, शनवारी बैठक हाय. आमची घरं काढनार म्हनं वेबसाइटवरनं. नथूभाऊ येऊन सांगून गेला. तीन म्हयने झाले, एक पावना न्हाई आला, मंडळाची इज्जत जाती म्हनं आमच्यामुळं."

"असं कसं काढतील?"

"काढत्यात. सोपानराव म्हनलं, वाडीवाल्यांना परतिसाद न्हाई." तिनं तो शब्द एकेक अक्षर तोडून म्हटला. "ताई, मानसानं एक हिवाळा घातला त्या खोलीत. आता काय करू, शेळ्या बांधू?"

सर्च इंजिनचं नाव काढायची लाज वाटली.

फोन ठेवला आणि मी ती गोष्ट केली, जी पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती. मी वेबसाइट परक्या माणसासारखी उघडली. माझ्या लॅपटॉपवर नाही, तिथं मी मालकिणीसारखी आत गेलेली असते आणि मला सगळं दिसतं. खाली दुकानात गेले, दुकानदाराचा फोन मागितला आणि त्यावर उघडली.

ठिकाणांच्या यादीत अकरा नावं. सगळे बंगले. वाडीचं एकही घर नाही.

गंगीच्या घराचा थेट पत्ता टाकला, सर्च इंजिनवरून येणारा पोचतो तसा, तेव्हा पान उघडलं. वर फोटो तिच्या घराचा. नाव तिचं. माहिती तिची. मग मध्येच ती पट्टी, 'मानाची नोंद: व्हॅली व्ह्यू'. मी तळाला ठेवलेली पट्टी चालत चालत पानाच्या मध्यावर आली होती. आणि पट्टीच्या खाली, 'मुक्कामासाठी संपर्क' असं लिहून एक फोन नंबर.

गंगीमावशीचा नंबर मला पाठ आहे. हा तो नव्हता. मी तो लावला.

"हॅलो, गुड मॉर्निंग, व्हॅली व्ह्यू!" आवाज पप्पूचा. पप्पू म्हणजे सोपानरावांचा पुतण्या, वय बत्तीस, व्हॅली व्ह्यूचा मॅनेजर. त्याच्याकडं दोन आवाज आहेत. गावात एक, आणि मुंबईच्या नंबरसाठी एक. दुकानदाराचा नंबर नशिबानं मुंबईचा होता.

मी आवाज जरा लाडिक केला. "गंगीचं घर ना? आम्हाला चार जणांसाठी..."

"ओह, मॅडम, ते बंद झालं. बट नो प्रॉब्लेम, आपल्याकडं सेम एक्सपीरियन्स मिळेल. चुलीवरचं जेवण, गावठी फील, विथ पूल."

"बंद झालं? कधी?"

"झाले दोनतीन महिने. म्हातारी होती ना ती..." त्यानं एक सुस्कारा सोडला. खरंच सोडला. "वारली बिचारी."

मी फोन बंद केला. त्याच घटकेला ती बाई टेकडीवरच्या कातळावर फोन मांडीवर घेऊन बसलेली होती. मला राग आला, एवढंच म्हणून भागणार नाही.

मग बसले दुरुस्तीला. दुसरा पासवर्ड पप्पूजवळ, म्हणून वेबसाइटला हात लावला का असं त्याला लेखी विचारलं, तर उत्तर आलं, 'कॅशे क्लिअर करा मॅडम.' हे त्याला कुणीतरी शिकवलंय आणि तो ते पोट दुखलं तरी सांगेल. केलं क्लिअर, म्हणजे साठवलेली जुनी पानं पुसली. काही नाही. एकेक प्लगइन, म्हणजे वरून जोडलेली सोय, बंद करून पाहिलं. काही नाही. वेबसाइटची थीम, म्हणजे तिचा अंगरखा, बदलून पाहिला, आणि वाडीची तिन्ही घरं यादीत हजर. म्हणजे दुखणं आमच्याच अंगरख्यात होतं.

थीमच्या मुख्य फाइलमध्ये मी न लिहिलेल्या सात ओळी सापडल्या. वर टीप होती: 'मान सगळीकडे लागू'. मंडळानं पासवर्ड 'घरच्या माणसाजवळ' असावा म्हणून पप्पूला दिला होता, आणि घरच्या माणसानं इंटरनेटवरून सात ओळी आणून चिकटवल्या होत्या.

झालं होतं ते असं. वेबसाइटचं प्रत्येक पान माहितीच्या कोठाराकडं मागणी करतं: मला बंगले दे, मला घरं दे. या मागणीला आम्ही क्वेरी म्हणतो. बंगल्यांची मागणी वेगळी, घरांची वेगळी. पप्पूची ओळ कोठाराच्या दारातच उभी राहिली आणि यादीच्या येईल त्या मागणीला सांगू लागली, 'जे काय द्याल ते मानाच्या आकड्यानं लावून द्या.' कोठार आज्ञाधारक असतं. ज्याच्यापुढं आकडाच नाही, त्याला लावायचं कुठं? म्हणून ते त्याला बाहेरच ठेवतं. शेवटी नाही, बाहेर. ज्याला मान नाही तो यादीतच नाही. हा नियम मी लिहिला नव्हता, पप्पूनंही मुद्दाम लिहिला नव्हता. पण दोघांनाही तो ओळखीचा वाटायला हवा होता.

इथवर सगळं छान होतं, कारण दोष पप्पूचा होता. मग मी फोन नंबरचं कोडं सोडवायला घेतलं, आणि दोष माझा निघाला.

ती मानाची पट्टी स्वतंत्र मागणी करते, सोपानरावांचा बंगला आणते, दाखवते. दाखवून झालं की पानाला सांगायचं असतं, 'झालं, आता मूळ घरावर परत ये.' एक ओळ असते ती. मी ती लिहिली नव्हती. विसरले. पट्टी तळाला होती तोवर काही बिघडलं नाही, तिच्याखाली काही नव्हतंच. पप्पूनं मान तळाला शोभत नाही म्हणून ती वर सरकवली, आणि तिच्याखालचं सगळं सोपानरावांचं झालं. घर गंगीचं, फोन त्यांचा. पंगतीत पहिली ओळ वाढून झाल्यावर बादली न बदलता दुसऱ्या ओळीत शिरावं, तसं.

एक ओळ. तीन महिने. आणि मी त्या बाईला सर्च इंजिनची ओळखपरेड शिकवत होते.

आता दोन रस्ते होते. गुपचूप दोन्ही दुरुस्त करायचं आणि हात झटकायचे. माझं काम शाबूत, मंडळ खूश. पण शनिवारी बैठकीत तीन महिन्यांचा शून्य प्रतिसाद वाचला गेला असता आणि गंगीचं घर गेलं असतं. ते राहायचं असेल तर चारचौघांत सांगावं लागणार होतं की चूक माझी. वेबसाइटवालीनं असं सांगणं म्हणजे स्वयंपाक्यानं पंगतीत उभं राहून, भाजीत पाल पडली होती, असं जाहीर करणं. मी दुरुस्ती तयार ठेवली, पुरावा राहावा म्हणून चढवली नाही, आणि शनिवारी गावात गेले.

बैठक देवळाच्या सभामंडपात होती, सकाळी अकराला. सभासद सतरंजीवर. गंगीमावशी आणि नवसू खांबाच्या पलीकडं, सतरंजी संपते तिथं. नथूभाऊंनी विषय वाचला: प्रतिसाद नसलेली ठिकाणं कमी करण्याबाबत.

"कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही आपल्याला," सोपानराव म्हणाले. हे वाक्य ज्याच्या पोटावर पाय पडणार असतो त्याच्याकडं बघून म्हणायचं असतं, तसं ते म्हणाले. "पण तीन महिन्यांत एक फोन नाही. पाहुण्यांना नको असेल तर आपण काय करणार?"

मी उभी राहिले. "फोन आले होते. चुकीच्या माणसाकडं गेले. चूक माझी आहे."

मग सगळं सांगितलं. पंगत, बादली, कोठार. पट्टीखालचा नंबर फोनवर उघडून नथूभाऊंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसून तो मोठ्यानं वाचला आणि नऊ आकड्यांनंतर जरा अडखळले. गावात तो नंबर सगळ्यांना पाठ होता.

सोपानराव मोठ्या मनाचे. "तांत्रिक अडचण," ते म्हणाले. "पोरीनं कबूल केलं, विषय संपला." मी मॅडमवरून पोरीवर आले होते.

"संपला नाही," मी म्हणाले. "त्या नंबरवर मी स्वतः फोन केला. गंगीचं घर पाहिजे म्हटल्यावर मला सांगण्यात आलं की गंगी वारली."

सगळ्यांनी आधी पप्पूकडं पाहिलं, मग खांबाकडं.

"मी म्हातारी म्हनलो," पप्पू म्हणाला. आवाज गावातला होता. "गंगी आसं नाव न्हाई घेतलं मी."

गंगीमावशी पदर खोचून उभी राहिली. मला वाटलं रडेल. "पप्पू," ती म्हणाली, "मग माझ्या तेराव्याला जेवाया कोन कोन आलतं?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघं, मग नथूभाऊसुद्धा. पप्पू सतरंजीची दशी ओढत बसला. घर काढायचा विषय पुढं रेटायला कुणाची जीभ उचलेना. गंगीचं घर राहिलं.

मी म्हणाले, "आता तिचा मान क्रमांक सांगा. रकाना रिकामा ठेवला तर पुन्हा हेच होईल."

"बारा टाका," सोपानराव म्हणाले. "सगळ्यांच्या शेवटी. आली ना यादीत?"

"ठराव काय हाय?" हे नवसू बोलला. सबंध बैठकीत तो पहिल्यांदाच बोलला.

नथूभाऊंनी वही उघडली. "यात्रेत ज्याचा जसा मान, तसा वेबसाइटवर क्रम."

"मग यात्रेच्या दिवशी पयलं काय व्हतं?"

नथूभाऊ वही चाळू लागले. नवसूच पुढं म्हणाला, "वरच्या झऱ्याचं पानी येतं. ते आल्याबिगर देवाला आंगूळ न्हाई. आंगूळ न्हाई तर पूजा न्हाई. पूजा न्हाई तर पालखी कशाला उचलताय? ते पानी आमच्या घरचं. माज्या आजापास्नं."

"हंडा माज्या डोक्यावर असतोय," गंगीमावशीनं दुरुस्ती केली. "आजा नुसता फुडं चालायचा."

सगळे गुरवाकडं बघू लागले. नथूभाऊंनी वही मिटली. खोटं बोलायचं तर समोर गाभारा होता. "व्हय," ते म्हणाले. "पानी आल्याबिगर मी देवाला हात लावत न्हाई. पयला मान त्यांचाच व्हतो."

एक नंबर गंगीचं घर. दोन नंबर व्हॅली व्ह्यू. आणि ती पट्टी, जी एक नंबरचं ठिकाण दाखवते, तिच्यात आता गंगीची चूल झळकणार. मी लॅपटॉपवर बोट ठेवून वाट बघत होते.

सोपानराव उठले. घसा साफ केला. "मला वाटतं," ते म्हणाले, "वेबसाइटवर ही मानपानाची भानगडच नको. कसला मान आन् कसलं काय. माणूस इथूनतिथून सारखाच. सगळी ठिकाणं समान पाहिजेत."

टाळ्या पडल्या. जुन्या दोन नंबरपासून अकरा नंबरपर्यंत सगळ्यांनी वाजवल्या. आमच्या घरात समता यायला छप्पन साल उजाडावं लागलं होतं, मशाल पायरीवर ठेवावी लागली होती. सोपानरावांना ती सव्वा मिनिटात पटली. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

ठराव मंजूर झाला. मी तिथंच बसून मान क्रमांकाचा रकाना पुसला, पप्पूच्या सात ओळी पुसल्या, पट्टी काढली, जी एक ओळ विसरले होते ती लिहिली, आणि क्रम असा ठेवला की दर वेळी पान उघडलं की चिठ्ठी काढल्यासारखी नावं वरखाली होतील. पासवर्डही बदलला. पप्पूनं विचारला, तर म्हटलं, कॅशे क्लिअर करा.

घरी आबांना सांगितलं. ते हसले, खोकले, परत हसले. मग विचारलं, "आन् यात्रंला हंडा कोन नेनार?"

"गंगीमावशीच."

"मग?" आबा म्हणाले आणि शेंगा सोलायला लागले.

सोमवारी मी वाडीत गेले. नंबर बरोबर आलाय का ते पाहायचं होतं, खोलीचे चांगले फोटो काढायचे होते, आणि खरं सांगायचं तर माफी मागायची होती. बैठकीत मंडळाची मागितली होती, तिची राहिली होती. ती कातळावरच होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "मावशी, तीन महिने तुम्ही इथं बसलात ते माझ्यामुळं."

"पोरी, बसायला कातळ काय तुज्या बापाचा हाय?" ती म्हणाली. "शेळ्या चरल्या." पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. माफी झाली की नाही ते मला अजूनही कळलेलं नाही.

साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. ती इतकी दचकली की फोन शेळीच्या पायात पडला. मी उचलून दिला आणि स्पीकर लावला. पलीकडं चिंचवडची कुणी बाई होती, आवाज दबकत होता.

"गंगीचं घर ना? मागं दोन महिन्यांपूर्वी फोन केला होता मी... तेव्हा कळलं की त्या... म्हणजे त्या बाई वारल्या. ऐकून फार वाईट वाटलं हो. आता घरातलं दुसरं कुणी बघतं का सगळं?"

गंगीमावशीनं फोन तोंडाजवळ धरला, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी गंगीच बोलते," ती म्हणाली. "जित्ती हाय. किती जनं येताय?"